बी.कॉम. नंतर निपाणीतच नोकरी शोधताना: कागदपत्रं, बस आणि हातात येणारा पगार

निपाणीत, म्हणजे कर्नाटकातल्या सीमाभागात, बी.कॉम. झालेल्या पोरीला दोनच प्रश्न विचारतात, पुण्याला कधी जाणार आणि लग्नाचं काय. मला दोन्हीची घाई नव्हती. घरची काही कारणं होती, ती इथं सांगत बसत नाही, पण निदान दोनेक वर्षं घरातूनच ये-जा करता येईल अशी नोकरी पाहिजे होती आणि ती शोधायची कशी हे सांगणारं कुणी भेटलं नाही. यूट्यूबवर जे काय आहे ते सगळं बेंगळूर नाहीतर पुण्याचं. म्हणून मला काम लागेपर्यंत काय काय झालं ते ओळीनं लिहिते. चिकोडी, संकेश्वर, खानापूर, बेळगावच्या आसपासची खेडी, इकडच्या पोरापोरींना यातलं थोडंफार उपयोगी पडेल.

सुरुवात खरं म्हणजे निकालाच्या आधीच झाली. कर्नाटक सरकारनं ग्राम आडळिताधिकारी म्हणजे आपल्या भाषेत तलाठी, त्याच्या १००० जागा काढल्या होत्या, पीयूसीवर म्हणजे बारावीवर, त्यामुळं आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी फॉर्म भरलेला, मीपण भरला. यात आधी कन्नडचा सक्तीचा पेपर असतो, १५० मार्कांचा, ५० पडले तरच पुढचं बघतात. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, कन्नड शाळेत होतं पण तिसरी भाषा म्हणून. बोलायला येतं, दुकानात, बसमध्ये अडत नाही, पण पत्रलेखन आणि व्याकरण म्हटलं की घाम. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी तो पेपर झाला आणि काठावर का असेना सुटले. मेन पेपरात मात्र मेरिटच्या जवळपासपण नाही. तरी ती तयारी वाया गेली नाही, पुढं ऑफिसात कन्नड नोटिसा वाचायला लागतात तेव्हा कामाला आली. मराठी मीडियमवाल्यांनी कर्नाटकातल्या सरकारी नोकरीचा विचार असेल तर आठवी ते दहावीची कन्नडची पुस्तकं आत्ताच बाहेर काढा, कोचिंगच्या आधी ती.

ऑक्टोबरात यूयूसीएमएस या विद्यापीठाच्या पोर्टलवर निकाल दिसला. फर्स्ट क्लास, डिस्टिंक्शन नाही. त्या दिवशी पेढे वगैरे झाले आणि दुसऱ्या दिवशीपासून कागदं. सगळ्यात आधी घोळ निघाला नावाचा. दहावीच्या मार्क्स कार्डावर माझ्या नावामागं आण्णांचं, म्हणजे वडिलांचं, पूर्ण नाव आहे आणि आधारवर नुसतं इनिशियल, शिवाय आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जादा. शाळेत कुणाचंच काही अडलं नव्हतं, पण ऑनलाइन फॉर्म भरताना पोर्टल नाव जुळत नाही म्हणून मागं ढकलतं. मग आधार केंद्रावर जाऊन दहावीचं मार्क्स कार्ड दाखवून नाव त्याच्यासारखं करून घेतलं, तेव्हा फी ५० रुपये होती, पण रांग सकाळी साडेसातपासून, टोकन संपलं की दुसऱ्या दिवशी या. दुरुस्त होऊन यायला दोनेक आठवडे गेले. नंतर पॅन, मग बँकेची केवायसी. हीच ओळ धरा, आधी आधार, मग पॅन, मग बँक, उलटं केलं की परत फिरावं लागतं. आणि दहावीच्या कार्डावर जसं नाव आहे तसंच सगळीकडं ठेवा, कारण ते कार्ड बदलणं सगळ्यात अवघड.

नाडकचेरीतून (महसूल खात्याचं दाखले देणारं ऑफिस) रहिवासी, जातीचा आणि उत्पन्नाचा असे तिन्ही दाखले एकदमच काढून ठेवले. त्यावर आरडी नंबर, म्हणजे दाखल्याचा नंबर, असतो तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, प्रत्येक सरकारी फॉर्म तोच मागतो. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी कॉलेजात अर्ज दिला, पैसे भरले, पावती घेतली आणि मग दर आठवड्याला 'आलं काय सर' एवढंच. ते येईपर्यंत पोर्टलवरच्या मार्कांची प्रिंट काढून त्यावर कॉलेजचा सही-शिक्का घेतला होता, कुठल्याच इंटरव्ह्यूत ती चालणार नाही असं कुणी म्हटलं नाही.

आता एक गोष्ट फक्त आपल्या भागाची. महाराष्ट्रानं दावा सांगितलेली जी ८६५ गावं आहेत त्यात आपलं गाव असेल आणि तुम्ही मराठी भाषिक असाल, तर महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. २००८ चं परिपत्रक आहे, एमपीएससीच्या जाहिरातीत अगदी खाली बारीक अक्षरात त्याचा उल्लेख असतो. त्यासाठी १५ वर्षं इथं राहिल्याचा दाखला ठराविक नमुन्यात लागतो. माझ्या ओळखीच्या कित्येकांना हे पंचविशी उलटल्यावर कळलं. मी तो लगेच वापरला नाही, पण शाळेचे बोनाफाईड, जुनं रेशन कार्ड, घरपट्टीच्या पावत्या एका फाईलला लावून ठेवल्यात.

नोव्हेंबरात टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, क्लास लावला, तीन महिने, ६००० रुपये, दोन हप्त्यांत. बी.कॉम.ला तीन वर्षं अकाउंट्स शिकून एक साधं बिल कॉम्प्युटरवर घालता येत नव्हतं हे पहिल्याच दिवशी कळलं, आणि वर्गात सगळ्यांचीच तीच गत होती म्हणून लाज वाटली नाही. क्लासवाल्या सरांकडं सर्टिफिकेटपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओळखी. गावात कुणाला अकाउंटंट पाहिजे असला की ते पेपरात जाहिरात देत नाहीत, क्लासवाल्या सरांना नाहीतर आपल्या सीएंना फोन करतात. मी सरांना पहिल्या महिन्यातच सांगून ठेवलं, निपाणीत काही निघालं तर आधी मला. नॅशनल करिअर सर्व्हिसच्या पोर्टलवरपण नाव घातलं, फुकट आहे, पण मला तिथून फोन आले ते बहुतेक विमा एजंट होण्यासाठी.

डिसेंबरात बेळगावला पहिला इंटरव्ह्यू. उद्यमबागमध्ये, एका फौंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स असिस्टंट. जायला खर्च काहीच नाही, कर्नाटकात बायकांना फुकट बसची शक्ती योजना असल्यामुळं आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, निपाणी ते बेळगाव आणि पुढं सिटी बसपण. (पोरांनो, तुम्हाला मात्र पूर्ण तिकीट, सॉरी.) वेळ मात्र लागतो. हायवेचं काम चालू होतं, कुठं डायव्हर्शन, कुठं सर्व्हिस रोड, म्हणून अकराच्या इंटरव्ह्यूला मी सातची बस धरली. एचआरच्या मॅडमनी कन्नडमधून सुरुवात केली, 'हेळ्री' (सांगा) म्हणाल्या आणि माझं सगळं पाठ केलेलं इंग्रजी इंट्रोडक्शन विरघळलं. मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, मग त्याच हिंदीवर आल्या. वागणूक चांगली होती, टॅलीचे दोन व्हाउचर घालायला लावले, आणि दोन दिवसांनी फोन, सिलेक्ट झालाय, पगार १३,०००.

घरात सगळे खूश. मी वही घेऊन बसले. १३,००० वर पीएफ १२ टक्के म्हणजे १५६० जाणार, ईएसआयचे (दवाखान्याचा विमा) ९८, राहिले ११,३४२. रोज निपाणीहून अपडाऊन करायचं तर पहाटे सहाला निघून रात्री आठ-साडेआठला घरी, आणि हायवेला ट्रक आडवा पडला तर विचारायलाच नको. पीजीत राहायचं तर जेवणासकट ५५०० सांगत होते. म्हणजे उरतात ५८००, त्यातून चहा, रिचार्ज, शनिवारी घरी येणं. पीएफ आपलाच पैसा असतो हे मला मान्य आहे, पण तो आज भाडं भरायला येत नाही. दोन दिवस विचार करून नाही म्हटलं. आण्णा काही बोलले नाहीत, मामा मात्र अजून बोलतो. तुम्हाला फोनवर आकडा सांगितला की तिथंच विचारा, 'सर, हातात किती येणार?' सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, म्हणून सांगितलेल्या आकड्यात कधीकधी कंपनीनं भरायचा पीएफपण धरलेला असतो, म्हणजे हातात अजून कमी. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

जानेवारीत दुसऱ्या बाजूला बघितलं. निपाणी स्टँडवर सकाळी साडेसहाला जाऊन उभं राहिलात तर कळेल किती माणसं कागल आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातात ते, डबे घेऊन, कंपनीचं आयकार्ड गळ्यात. माझी एक क्लासमेट तिथं स्टोअरला लागली होती, तिच्या ओळखीनं गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत बायोडाटा दिला. १४,००० म्हणत होते, पण कंपनीच्या रोलवर नाही, कॉन्ट्रॅक्टरच्या. इथं शक्ती चालत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीतलीच, सीमेजवळचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडेपर्यंत पूर्ण पैसे. जाऊन येऊन रोजचा खर्च धरला तर महिन्याला दोन-अडीच हजार बसला. पोरांसाठी अजून एक, महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असला की प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे. कर्नाटकात पगार २५,००० च्या आत असला की हा टॅक्सच नाही. कुणाला वाटेल २०० रुपयांचं काय एवढं, पण पहिल्या पगारात प्रत्येक शंभराला नाव असतं.

पहिला राउंड बरा गेला. दुसऱ्या राउंडला बोलावलं ते फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि नेमकं त्याच वेळी बेळगावजवळ कंडक्टरला मारहाण झाल्यावरून वातावरण तापलं, दोन्ही राज्यांनी एकमेकांकडच्या गाड्या बंद केल्या. सीमाभागात हे आपल्याला नवीन नाही, दोन-चार वर्षांनी एकदा होतंच, मोठी माणसं टीव्ही बघत म्हणतात होईल चालू चार दिवसांत. पण इंटरव्ह्यू चार दिवस थांबत नाही. मामानं मोटरसायकलवरून नेलं. तिथल्या साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आज कशा आलात? आणि उद्या परत बस बंद झाली तर कशा येणार?" मी म्हटलं वडाप (शेअर जीप) आहे, गावातल्या पोरींचा ग्रुप आहे, येईन. ते म्हणाले ठीक आहे, कळवतो. त्यांनी कळवलं नाही. मीच दोन-तीन दिवसांनी फोन केला तर जागा भरली होती. राग आला, पण त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते पण माहीत आहे. तिकडं अर्ज करणार असाल तर बस नसेल त्या दिवशी कसं येणार याचं उत्तर तयार ठेवा, विचारतातच.

या मधल्या काळातल्या दोन गोष्टी पटकन सांगते. एका सौहार्द सहकारी पतसंस्थेत क्लार्कची जागा होती, पगार ७०००, आणि वर पिग्मी (रोजच्या बचतीचे पैसे) गोळा करायची. कामाचं काही नाही, पण त्यांना दहावीचं आणि डिग्रीचं ओरिजिनल मार्क्स कार्ड ठेवून घ्यायचं होतं आणि सह्या केलेले दोन कोरे चेक. आण्णा सोबत आले होते, कधी आवाज न चढवणारा माणूस, पण कागदं फाईलमध्ये परत घालत म्हणाले, "ओरिजिनल आमच्याकडंच राहील साहेब, झेरॉक्स पाहिजे तेवढ्या घ्या." आम्ही उठलो. दुसरं, कोल्हापुरातल्या एका कन्सल्टन्सीकडून फोन आला, रजिस्ट्रेशनचे १५०० भरा, नोकरी नक्की. नोकरी देणारा आपल्याकडून पैसे मागतो म्हटल्यावर फोन ठेवला. माझ्या क्लासमधल्या एकीनं भरले होते, तिला त्यांनी दोन कंपन्यांचे पत्ते दिले, ते गूगलवर फुकट मिळतात.

आणि मग टॅलीच्या सरांचा फोन. निपाणीतच, जीएसटी आणि इन्कम टॅक्सचं काम करणाऱ्या एका कन्सल्टंट सरांना माणूस पाहिजे, मार्च तोंडावर आलाय, उद्याच जा. नवीन ड्रेस वगैरे काही नाही, क्लासला जायचे तशीच गेले. वर माडीवर दोन खोल्यांचं ऑफिस, भिंतीला गठ्ठेच गठ्ठे, प्रत्येकावर स्केचपेननं पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव. सरांनी बायोडाटा बघितला न बघितला आणि एका तंबाखू व्यापाऱ्याच्या बिलांची पिशवी पुढं ठेवली. म्हणाले, "एवढी घाला बघू." बस. ते आपल्या कामाला लागले.

बिलं म्हणजे काय, काही छापील, काही हातानं लिहिलेली, एकावर चहाचा गोल डाग. गोणपाट, सुतळी, गाडीभाडं, पॅकिंग. मी एकेक घालत गेले. मध्येच एक बिल आलं कागलचं, जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारा. आपला कर्नाटकाचा नंबर २९ नं सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ नं, म्हणजे माल राज्याबाहेरून आला, इथं सीजीएसटी-एसजीएसटी नाही, आयजीएसटी. क्लासमध्ये सरांनी हे इतक्या वेळा घोकून घेतलं होतं की हात आपोआप तिकडं गेला. आपल्या गावात दुकानदार सकाळी कागलहून माल आणतो नि दुपारी संकेश्वरला विकतो, त्यामुळं ही चूक इथं पावलापावलाला होऊ शकते. एका बिलावर नंबरच वाचता येत नव्हता, ते बाजूला काढून ठेवलं आणि त्यावर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह केलं. दोनेक तासांनी सर आले, स्क्रीनवर खालीवर बघितलं, बाजूला काढलेलं बिल उचललं, चहा मागवला. म्हणाले, "सोमवारपासून या. ९००० देतो, दिवाळीनंतर वाढवू. पीएफ वगैरे नाही, आधीच सांगतो, आम्ही चारच माणसं आहोत."

३ मार्च २०२५, सोमवार. घरापासून चालत बारा मिनिटं.

पीएफ नाही हे घरी सांगितलं तेव्हाची गंमत सांगते. आई तीस वर्षं विड्या वळते. सूप मांडीवर होतं, पान कातरत होती, मान वर न करता म्हणाली, "माझ्या विडीला पीएफ हाय, आणि तुझ्या बी.कॉम.ला न्हाई व्हय?" सगळे हसलो, पण तिचं बरोबर आहे. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ऑफिसला पीएफचा कायदा लागत नाही आणि गावातल्या बहुतेक नोकऱ्या अशाच ऑफिसांतल्या. म्हणून मी पहिल्या महिन्यापासून पोस्टात १००० ची आरडी उघडली. तेवढ्यानं पीएफची बरोबरी होत नाही, तुमचा चॉईस असेल आणि प्रवास झेपत असेल तर पीएफवाली नोकरी घ्या असंच मी सांगेन.

पहिला महिना मार्च म्हणजे नुसता धिंगाणा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची दोन रिटर्न्स, पोर्टल नेमकं शेवटच्या दिवशी बसतं, पार्ट्या बिलं १९ ला संध्याकाळी आणून देतात आणि वर विचारतात झालं काय. तंबाखूचं एक वेगळंच प्रकरण शिकले, शेतकऱ्याकडून पान घेतलं तर शेतकरी जीएसटी लावत नाही, तो घेणाऱ्या व्यापाऱ्यानं ५ टक्क्यांनी भरायचा असतो, रिव्हर्स चार्ज म्हणतात. पुस्तकात हा एक परिच्छेद होता, इथं अख्खा सीझन त्याच्यावर चालतो. चिकोडीकडच्या पार्ट्या कन्नडमध्ये बोलतात, मी आता थांबत थांबत का होईना फोनवर उत्तर देते. चुकलं तर त्या हसतात, पण पुढच्या वेळी मलाच विचारतात.

युवा निधी, म्हणजे कर्नाटक सरकारचा बेरोजगार भत्ता, याबद्दल बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. डिग्रीवाल्यांना महिन्याला ३०००, डिप्लोमावाल्यांना १५००, जास्तीत जास्त दोन वर्षं, अर्ज सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर. अट अशी की पास होऊन १८० दिवस झाले पाहिजेत आणि तोवर नोकरी नसली पाहिजे, शिवाय पुढं शिकत असाल तरी मिळत नाही. माझे १८० दिवस भरायच्या आत नोकरी लागली, त्यामुळं मला एक रुपया नाही. माझ्या एका मैत्रिणीला मिळाले, तिनं त्यात बँकेच्या परीक्षांच्या फिया भरल्या. तिच्या डिग्रीचा डेटा विद्यापीठाकडून डिजिलॉकरला चढला नव्हता म्हणून अर्ज अडकला होता, कॉलेजात चार वेळा जाऊन तो चढवून घेतल्यावर सुटला. अर्ज भरायच्या आधी डिजिलॉकर उघडून आपली डिग्री तिथं दिसते का ते बघा. आणि बेळगावात राहायची सोय असेल, मामा-मावशी कुणी असेल, तर नॅट्सच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेच्या, पोर्टलवर अप्रेंटिसशिपपण बघा, बी.कॉम.लाही मिळते, मी जेव्हा बघितलं तेव्हा ग्रॅज्युएटला कमीत कमी ९००० स्टायपेंड होता आणि त्यातला अर्धा केंद्र सरकार थेट खात्यावर टाकतं. मला राहायची सोय नव्हती म्हणून सोडली.

आता दिवाळी झाली. सरांनी शब्द पाळला, ११,००० केले, मला मागावं लागलं नाही पण आधीच्या आठवड्यात मी केलेल्या रिटर्न्सची यादी काढून ठेवली होती, विचारलं असतं तर दाखवायला. पगार रोख घेत नाही, पहिल्या दिवसापासून बँकेतच मागितला, त्यामुळं पासबुकावर दर महिन्याची नोंद आहे. लेटरहेडवर अनुभवाचा दाखला कधी देणार ते पण विचारून ठेवलंय, वर्ष झाल्यावर देतो म्हणालेत, तारीख डायरीत लिहिलीय. पुढच्या बँक क्लार्कच्या फॉर्मची वाट बघतेय, आणि रात्री जेवण झाल्यावर कन्नडचं नववीचं पुस्तक चालू आहे, सध्या पत्रलेखनावर अडकलेय.